रेसिप करवत: टोक कुठं जातंय ते आधी बघा

सांगलीच्या खणभागात एका जुन्या घराची मधली चौकट काढताना मी रेसिपनं, म्हणजे मागंपुढं चालणाऱ्या ब्लेडच्या मशीन-करवतीनं, शेजारच्या मावशींच्या नळाचा पाइप कापला. तयारी सगळी केली होती. मीटरवरून लाईट तोडलेली, आमच्या बाजूचा पाण्याचा कॉक बंद, चौकटीच्या कडेची माती खरवडून होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, कुठं कुठं आहेत तेही बघून ठेवलेलं. दोन भावांचं एकच घर होतं तेव्हाची ती चौकट. वाटणी झाल्यावर पलीकडून साडेचार इंची विटेनं, मातीत रचून बुजवलेली. त्या विटेच्या मागं मावशींची न्हाणी. चौकट चार इंच जाडीची आणि मी ब्लेड लावलेलं १२ इंची. उरलेलं ब्लेड कुठं जातंय, हा विचारच केला नाही. ते मातीच्या सांध्यातून आरामात पलीकडं गेलं. मला कळलं ते मावशी रिकामी बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा.

"काय रं, माझ्या न्हाणीत पाऊस पाडलास की!"

प्लंबरचे पैसे मी दिले, वर त्यांच्याकडचा चहाही प्यालो. पाइपच्या जागी लाईटची वायर असती तर हे लिहायला मी असतो की नाही, कुणास ठाऊक. तेव्हापासून हे मशीन कुणाच्या हातात देताना पहिला प्रश्न एकच विचारतो: टोक कुठं जाणार आहे?

माझं सांगायचं तर मी आयटीआयचा फिटर. कुपवाड एमआयडीसीत अकरा वर्षं काढली. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५, यावरून समजा. पूर ओसरल्यावर गावभाग-खणभागातली मातीची जुनी घरं एकेक करून उतरवावी लागली, मेहुण्यानं ती कामं घेतली आणि मी त्याच्या हाताखाली गेलो तो तिथलाच झालो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पुन्हा तीच कामं. त्यामुळं मी सांगतोय ते जास्त करून जुन्या घराच्या, भिजून फुगलेल्या लाकडाच्या अंगानं. शेतावर, बागेत, नळकामात वापरणाऱ्यांनाही बहुतेक सगळं तसंच लागू आहे.

मशीनचं पूर्ण नाव रेसिप्रोकेटिंग सॉ. दुकानात 'सेबर सॉ' म्हणूनही मागतात. आमच्या पोरांच्या तोंडी 'रेसिप', आणि मेहुणा तिला 'मगर' म्हणतो. अमेरिकेत मिलवॉकी कंपनीनं १९५१ साली 'सॉझॉल' नावानं ती बाजारात आणली, आणि तिकडं आजही कुठल्याही कंपनीच्या मशीनला लोक सॉझॉलच म्हणतात. आत मोटर गोल फिरते, पुढचा दांडा मागंपुढं होतो. एका वेळची चाल साधारण २८ ते ३२ मिलिमीटर, म्हणजे ढोबळ सव्वा इंच. मिनिटाला २८०० ते ३००० फेऱ्या. हा सव्वा इंच लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

हे मशीन कशाला घ्यायचं, तर चार इंची ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावून, गार्ड काढून, चौकटी कापायची जी पद्धत आपल्याकडं पडलीय ती बंद व्हावी म्हणून. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फिरतो. लाकडात ब्लेड अडकलं की तो उसळून थेट मांडीवर नाहीतर गळ्यावर येतो. मशीन तेच, फक्त ब्लेड भलतं आणि गार्ड गायब. रेसिप अडकली तर हिसका देते, मनगट मुरगळतं, शिवी तोंडात येते. ती काही गरीब गाय नाही, पण तिचा राग सोसण्याजोगा असतो. शिवाय ठिणग्या जवळजवळ नाहीत. माळ्यावर पन्नास वर्षांची धूळ, जाळ्या, भुसा साठलेल्या घरात ग्राइंडर चालवणं म्हणजे काडी ओढून टाकण्यासारखंच.

ब्लेड निवडताना

मशीन कोणतं यावर लोक तासभर बोलतात आणि ब्लेड मात्र दुकानदार देईल ते घेतात. उलटं करा. मशीन साधं चालतं. ब्लेडवर काटकसर करू नका.

दात मोजायची भाषा टीपीआय, म्हणजे एका इंचात किती दात. ओली फांदी, जाड लाकूड यांना ५-६ दात. भुसा बाहेर पडायला मोठ्या खाचा लागतात. जुन्या घराच्या लाकडात खिळे असतातच, तिथं ८ ते १० दातांचं बायमेटल. लोखंडाला बारीक दात. कमीत कमी तीन दात एका वेळी धातूवर टेकलेले हवेत, नाहीतर पत्र्याची कड दोन दातांच्या मधे शिरते आणि दात मोडून बसतात. हिशेब सोपा आहे. १८ टीपीआय म्हणजे दोन दातांत १.४ मिलिमीटर अंतर, तीन दात टेकायला २.८ लागतात. म्हणून ३ मिलिमीटरच्या अँगलला १८ चालतं, ५-६ मिलिमीटरच्या पट्टीला १४, आणि पातळ पत्र्याला किंवा पातळ पाइपला २४.

बायमेटल म्हणजे पाठ लवचिक पोलादाची आणि दातांची धार हायस्पीड स्टीलची, दोन्ही वेल्ड करून जोडलेली. वाकलं तरी तुटत नाही, हातानं सरळ करून पुन्हा चालवता येतं. निव्वळ लाकडाचं स्वस्त ब्लेड खिळ्याला लागलं की पाच सेकंदांत सपाट. जुन्या घरात ते आणूच नका. बिडाचा पाइप, म्हणजे जुन्या संडासाच्या लायनीतला काळा जड पाइप, कापायचा असेल तर कार्बाइड दातांचं घ्या. महाग आहे, पण बिडावर बायमेटल घासत बसलात तर तीन ब्लेडं खाऊन पाइप तसाच राहतो.

आता लांबी. इथं बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं होतं.

ब्लेड लावून झाल्यावर, ते पूर्ण पुढं आलेलं असताना, बुटापासून टोकापर्यंत टेप लावा. बूट म्हणजे मशीनच्या नाकावरची ती हलणारी लोखंडी पट्टी, जी कापायच्या वस्तूला टेकवायची असते. जे माप येईल त्यातून तो सव्वा इंच वजा करा. ब्लेड पूर्ण मागं आलं की एवढंच बाहेर राहतं. हे उरलेलं माप लाकडाच्या जाडीपेक्षा जास्त हवं. चार इंची खांबाला ६ इंची ब्लेड लावलं तर टोक लाकडाच्या आतच राहतं आणि पुढं जाताना चिरेत न जाता लाकडावर आपटतं. एकदा आपटलं की ब्लेड धनुष्यासारखं वाकतं, मशीन हातात नाचतं, आणि घाबरून माणूस जास्त दाबतो. ९ इंची लावलं तर माझ्या मशीनवर बुटापुढं पावणेसात इंच राहतात, सव्वा गेला की साडेपाच. चार इंचाचं लाकूड पार करून मागच्या चालीतही दीड इंच बाहेर. बरोबर.

मग १२ इंचीच कायम का लावू नये? कारण ते साडेनऊ इंचांच्या वर पुढं जातं. लाकूड चार इंचाचं असेल तर साडेपाच इंचांच्या वर ब्लेड तुमच्या नजरेआड, भिंतीच्या पोटात काम करत असतं. तिथं वायर, पाइप, दगड, नाहीतर पलीकडं फळी धरून उभा असलेला आपलाच माणूस. लांब ब्लेड फडफडतंही जास्त. जेवढं लागतंय तेवढंच ब्लेड लावायचं, आणि पलीकडं टोक निघतंय ती जागा स्वतः जाऊन बघायची. भिंत सामायिक असेल तर शेजाऱ्याच्या दारात जाऊन विचारायचं. बादली घेऊन त्यांनी यायची वाट बघू नका.

लाईट, इन्व्हर्टर आणि टेस्टर

पूर्ण घर उतरवायचं असेल तर महावितरणकडं अर्ज करून सर्व्हिस वायर काढून घ्या आणि मशीनसाठी शेजारून किंवा जनरेटरवरून लाईट घ्या. एखादीच चौकट, एखादाच ओटा काढायचा असेल तर मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात टाका. खिशात म्हणजे खरंच खिशात. कोणीतरी 'पंखा का बंद झाला' म्हणत येऊन लावतंच.

एवढ्यावर थांबू नका. घरात इन्व्हर्टर आहे का बघा. मेन बंद केला की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो, आणि भिंतीतल्या अर्ध्या वायरी जिवंतच राहतात. इन्व्हर्टरचं आउटपुट वेगळं काढायचं. मग टेस्टर. टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या बोर्डावर लावून पेटतो का बघा, मग आपल्या जागी लावा, आणि पुन्हा पहिल्या बोर्डावर. टेस्टर मेलेला असेल तर तोही 'लाईट नाही' असंच सांगतो.

मशीनच्या वायरीबद्दल थोडंच. एक्स्टेंशन १.५ स्क्वेअर एमएमची घ्या, रीळवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, नाहीतर गुंडाळीत तापते. वायर नेहमी पाठीमागून, खांद्यावरून. ब्लेडच्या समोर वायर आली की ती कापली जाणारच, मी दोनदा कापलीय. मशीनवर एकात एक दोन चौकोनांची खूण असेल तर ते डबल इन्सुलेटेड असतं, त्याला अर्थिंगची तिसरी पिन नसते. तो बिघाड नव्हे. ज्या बोर्डावरून लाईट घेताय तिथं ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईट तोडणारा स्विच, असावी. पावसाळ्यात ओल्या मातीत उभं राहून काम करायचं असेल तर बॅटरीचं मशीनच बरं.

ब्लेड बसवणं

प्लग काढा. बॅटरीचं असेल तर बॅटरी काढा. स्विचवर बोट नाही म्हणजे झालं, असं नाही.

पुढची कॉलर, म्हणजे ब्लेड पकडणारी कडी, फिरवून धरा, ब्लेडचं अर्धा इंची शेपूट आत सरकवा, कॉलर सोडा. ती टक्कन परत बसली पाहिजे. मग ब्लेड धरून दोन वेळा जोरात बाहेर ओढा. हलकंसुद्धा हललं तर बसलं नाही. बहुतेक वेळा आत भुसा आणि मातीचा थर असतो. ब्रश मारा, फुंका, पुन्हा लावा. जुन्या मशीनमध्ये कॉलर नसते, स्क्रू असतो, त्याला ॲलन की लागते. ती की वायरीला प्लगजवळ टेपनं चिकटवा, म्हणजे ब्लेड बदलताना प्लग काढावाच लागतो. ही युक्ती माझी नाही, एमआयडीसीतल्या एका म्हाताऱ्या फोरमनची.

ब्लेड बदलताना हातमोजा ठेवा. नुकतं लोखंड कापलेलं ब्लेड इस्त्रीसारखं तापलेलं असतं आणि बघून कळत नाही.

मशीनवर ऑर्बिटलचा (ब्लेड मागंपुढं जाताना थोडं वरखालीही हलवणारा) खटका असेल तर लाकडाला चालू, लोखंडाला बंद. स्विच चालूच ठेवणारं बटण असतं, ते घर उतरवताना वापरायचं नाही. तोल गेला, मशीन हातातून सुटलं, तर ते थांबलं पाहिजे.

बूट टेकवा

रेसिपचे दात मागच्या बाजूला तोंड करून असतात, म्हणजे ब्लेड ओढताना कापतं. प्रत्येक ओढीला ते लाकूड मशीनकडं आणि मशीन लाकडाकडं खेचतं. बूट लाकडाला टेकलेला असेल तर ती ओढ तिथंच जिरते आणि सगळा जोर कापण्यात जातो. बूट आणि लाकूड यांत बोटभर जागा राहिली तर मिनिटाला तीन हजार वेळा मशीन त्या जागेतून पुढं आपटणार. लाकूड थरथरतं, कौलं हलतात, हात बधिर होतो, आणि कापणी मात्र होत नाही. नवीन माणसाचं मशीन लांबून ऐकूनच कळतं. टेकलेल्या बुटाचा आवाज एकसारखा घर्रर्र येतो, सुटलेल्या बुटाचा खडखड खडखड.

बूट टेकवायचा म्हणजे मशीन पुढं नाकावर दाबायचं, ब्लेडवर नाही. ब्लेडला खाली फक्त मशीनचं वजन द्यायचं. तीन-चार किलो पुरतं. ब्लेड कापत नसेल तर ते बोथट आहे किंवा दात चुकीचे आहेत. दाबून काही होत नाही.

सुरुवात अशी करा. बूट टेकवा, ब्लेड लाकडाला लागू देऊ नका, हळू स्विच दाबा, ब्लेड चालायला लागलं की मग लाकडावर उतरवा. चीर दोन-तीन सूत खोल गेली की वेग वाढवा. लाकडाला पूर्ण वेग. लोखंडाला अर्ध्याच्या आसपास, स्टेनलेसला त्याहून कमी, आणि थेंबभर तेल. लोखंडावर वेग वाढवला की दात तापून निळे पडतात, मग ते ब्लेड संपलंच. दोन्ही हात मशीनवर हवेत, एक मागच्या मुठीवर, एक पुढच्या रबरावर. एका हातानं मशीन आणि दुसऱ्या हातानं फळी धरणारा माणूस दिसला की मी काम थांबवतो, मग तो मालक असला तरी. धरायचं असेल तर क्लॅम्प लावा, नाहीतर पायाखाली दाबा, तेही ब्लेडच्या रेषेत पाय न ठेवता.

थांबवताना स्विच सोडा आणि ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत चिरेतच राहू द्या. चालतं ब्लेड बाहेर ओढलं की टोक कडेवर आपटतं.

एक छोटी बचत. बूट पुढंमागं सरकतो. तुम्ही कायम पातळ रिपा कापत असाल तर ब्लेडचे बुटाजवळचे इंचभर दात झिजतात आणि पुढचे कोरेच राहतात. बूट पुढं सरकवा, नवीन दात कामाला येतात. एका ब्लेडचं दीड ब्लेड होतं.

फुगलेली चौकट काढायची रीत

मावशींच्या पाइपनंतर वर्षभरानं गावभागात एक सागवानी चौकट काढली, ती सविस्तर सांगतो. तीन फूट बाय साडेसहा, वर कोरीव गणेशपट्टी. मालकीण आजी म्हणाल्या, "घर गेलं तर गेलं, ती पट्टी मोडू नका." नव्या घराच्या दाराला तीच लावायची होती.

चौकट भिंतीत दोन गोष्टींनी धरलेली असते. लोखंडी होल्डफास्ट, बहुतेक प्रत्येक बाजूला तीन, आणि खाली उंबरा. पहारीनं हिसकली तर होल्डफास्ट लाकूड फाडून बाहेर येतात. म्हणून होल्डफास्टच कापायचे.

आधी छिन्नीनं चौकट आणि भिंत यांच्या मधला गिलावा उभा पाडला, वरपासून खालपर्यंत बोटभर फट. टॉर्च मारून तिन्ही पट्ट्या दिसल्या, लाकडावर खडूनं खुणा केल्या. मग मागच्या खोलीत जाऊन त्याच उंचीवर हात फिरवला. कोरी भिंत, बोर्ड नाही, पाइप नाही. ९ इंची, १४ दातांचं बायमेटल घेतलं. ब्लेड उलटं लावलं, दात वर. हे बहुतेकांना माहीतच नसतं की रेसिपचं ब्लेड उलटंही बसतं. दात वर असले की मशीन खाली धरून खालून वर कापता येतं, मूठ उंबऱ्याला अडत नाही.

सगळ्यात खालच्या होल्डफास्टपासून सुरुवात. बूट चौकटीच्या कडेला टेकवला, ब्लेड किंचित वाकवून चौकटीच्या पाठीला जवळजवळ चिकटतं केलं, अर्धा वेग. भिंतीकडं झुकू दिलं की विटेवर दात जातात. लोखंड लागलं की आवाज बदलतो, भुशाची घर्रर्र जाऊन बारीक किर्रर्र सुरू होते, आणि कापून झालं की मशीन एकदम हलकं लागतं. एकेका पट्टीला दीड-दोन मिनिटं. तिसऱ्यानंतर थांबून ब्लेड बघितलं, मधले दोन दात गेले होते. बदललं.

वरच्या दोन पट्ट्या कापायच्या आधी चौकटीला दोन बाजूंनी टेकू दिले आणि गणेशपट्टीच्या खालून दोर घेऊन वरच्या तुळईला बांधला. हे आधी करायचं. शेवटचा होल्डफास्ट सुटला की ऐंशी-नव्वद किलोची चौकट कुणाचंही न ऐकता अंगावर येते. कापणारा माणूस बाजूला उभा, चौकटीच्या समोर कोणी नाही. शेवटची पट्टी सुटली तेव्हा चौकट अर्धा इंच खाली बसली आणि दोरावर थांबली. मग चौघांनी धरून आडवी केली.

वासे, तुळया आणि चिमटा

दोन्ही टोकांना टेकलेला वासा मधे वरून कापायला घेतला की तो खाली झोकतो आणि चीर वरच्या अंगाला मिटते. ब्लेड चिमट्यात. वरून एक तिसरा हिस्सा कापा, चिरेत लाकडाची पाचर सरकवा, उरलेलं खालून वर कापा, आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना आधीच टेकू द्या. एका टोकाला धरलेला, दुसरं टोक मोकळं असलेला वासा याच्या उलट वागतो. वरून कापताना चीर उघडत जाते, आणि शेवटी मोकळा तुकडा खालची साल फाडत पडतो. तिथं आधी खालून थोडं कापून घ्यायचं, मग वरून.

ब्लेड चिमट्यात अडकलंच तर स्विच दाबून झटापट करू नका. प्लग काढा, पाचर ठोकून चीर उघडा, ब्लेड मोकळं करा.

उतरवायचा क्रम वरून खाली: कौलं, रिपा, वासे, आढं, मग तुळया, सगळ्यात शेवटी खांब. ज्याच्यावर काही टेकलंय ते कापायचं नाही. शिडीवर उभं राहून रेसिप चालवू नका. दोन्ही हात मशीनवर असतात, मग शिडी कशानं धरणार? परांची बांधा. बांधायला एक तास जातो, मेहुणा दर वेळी कुरकुरतो, मी दर वेळी बांधतो.

सिमेंटचे जुने पत्रे कापायचे नाहीत. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि रोग वीस-तीस वर्षांनी वर येतो. पत्रा पाण्यानं भिजवा, खालून हुकाच्या बोल्टचा फक्त दांडा कापा आणि पत्रा अख्खा उतरवा. बंद डबा, डिझेल-पेट्रोलचं बॅरल रिकामं दिसलं तरी कापायला घेऊ नका.

आणि तो फोटोत दिसतो तसा सपाट फळीत थेट टोक खुपसून भोक पाडायचा प्रकार पहिल्या महिन्यात करू नका. करायचाच असेल तर आखूड ब्लेडनं, बुटाची खालची कड लाकडावर टेकवून, मशीन चालू ठेवून, टोक हळूहळू आत झुकवायचं, आणि फक्त लाकडात. लोखंडात आधी ड्रिलनं भोक, मग ब्लेड.

अंगावर

गॉगल लागतोच. खिळ्याचा तुकडा, मोडलेला दात तोंडावर येतो. कानात प्लग, नाकावर एन-९५, पायात बूट. गळ्यातला टॉवेल काढून ठेवा. उन्हाळ्यात आमच्या पोरांना हे पटत नाही, म्हणून मशीन हातात देण्याआधी टॉवेल मी माझ्याकडं जमा करून घेतो.

हादऱ्यांचं कुणी मनावर घेत नाही, मीही घेत नव्हतो. मशीनच्या पुस्तकात हादऱ्याचा एक आकडा असतो, मीटर प्रति सेकंद वर्गात. युरोपात आठ तासांच्या कामाला ५ ही मर्यादा आहे. हादरा दुप्पट झाला की परवानगीची वेळ चौथाई होते. मशीनचा आकडा २० असेल तर दिवसाची मर्यादा अर्ध्या तासात संपते, आणि रेसिपचे आकडे असेच मोठे असतात. त्यापलीकडं रोज गेलात तर बोटांची टोकं पांढरी पडायला लागतात, थंडीत आधी. माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना डिसेंबरात सकाळी शर्टाचं बटण लागत नाही. आता आम्ही दहा मिनिटांनी हात बदलतो. एक कापतो, दुसरा टेकू बघतो.

काम झाल्यावर

प्लग काढून ब्लेड काढा, कॉलरमधला भुसा ब्रशनं झाडा. तिथं तेल सोडू नका, भुसा धरून चिखल होतो. हवेची भोकं साफ ठेवा. स्विच दाबल्यावर मशीन अडखळायला लागलं, आत जास्त ठिणग्या दिसायला लागल्या तर कार्बन ब्रश संपलेत, जोडी बदला.

बोथट ब्लेडं फेकू नका. आमच्याकडं एका तेलाच्या डब्यात ती साठतात. तासगावकडची बागायतदार मंडळी जुनी द्राक्षबाग काढताना ती मागायला येतात. वेलीचं खोड जमिनीलगत कापायचं तर मातीत ब्लेड घालावं लागतं. चेनसॉची चेन मातीत दोन मिनिटांत जाते, आणि नवीन ब्लेड तिथं घालवायला जीव होत नाही. गणेशपट्टीच्या चौकटीवर दोन दात गमावलेलं ते ब्लेडही असंच एका बागेत गेलं. ज्यानं नेलं त्यालाही आधी विचारलं होतं, खोडाच्या पलीकडं ठिबकची नळी कुठून गेलीय. म्हणाला, "बघतो." दोन दिवसांनी नळीचे जॉइनर घ्यायला त्याला सांगलीला यावं लागलं.